अणूंचा हिशेब : ऑक्सिडीकरण अंक कसा ठरवावा?

लोह हे मूलद्रव्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. स्वयंपाकघरातील तवा लोखंडाचा. पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर चढणारा तांबूस गंजही लोखंडाचाच. आणि शाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी, तीही लोहाचीच. तिन्ही ठिकाणी अणूचे केंद्रक तेच आणि त्यातील २६ प्रोटॉनही तेच. तरीही तवा कठीण व चकाकणारा, गंज ठिसूळ व निरुपयोगी, तर गोळीतील लोह रक्तवर्धक ठरते. मूलद्रव्य एक, मात्र वागणूक तीन प्रकारची. हा फरक रसायनशास्त्र एका लहानशा अंकाने सांगते. तव्यातील लोहाचा तो अंक ०, गोळीतील लोहाचा +२ आणि गंजातील लोहाचा +३. या अंकालाच ऑक्सिडीकरण अंक असे म्हणतात.

दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास हा अंक अकरावीच्या वर्गात भेटतो आणि बहुतेकांना तो निव्वळ पाठांतराचा विषय वाटतो. नियम पाठ, त्यांचे अपवाद पाठ आणि परीक्षा संपताच दोन्ही विस्मृतीत, असा अनुभव अनेक माजी विद्यार्थी सांगतील. वस्तुतः हा हिशेबाचा विषय आहे. बेरीज, वजाबाकी आणि एका अज्ञात संख्येचे समीकरण एवढे गणित ज्यास येते, त्यास तो निश्चितपणे साध्य होतो. तो समजून घेण्याचे मोल परीक्षेतील गुणांपुरतेही नाही, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

संज्ञेचा उगम

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी तराजूच्या साहाय्याने असे दाखवून दिले की, पदार्थ जळतो तेव्हा त्याचा ऑक्सिजनशी संयोग होत असतो. ऑक्सिजनशी होणारा असा संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि संयुगातून ऑक्सिजन काढून घेणे म्हणजे क्षपण, असा त्या काळचा अर्थ होता. लोखंड गंजणे हे ऑक्सिडीकरण, तर खनिजापासून लोखंड मिळवणे हे क्षपण.

१८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि पुढे या व्याख्येचा विस्तार झाला. सोडियम ऑक्सिजनमध्ये जळो वा क्लोरीनमध्ये, दोन्ही वेळी त्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो. मग एका क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणावे आणि दुसरीस म्हणू नये, हे सुसंगत ठरेना. म्हणून इलेक्ट्रॉन गमावणे ते ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन मिळवणे ते क्षपण, ही व्यापक व्याख्या रूढ झाली. एकाने गमावल्याखेरीज दुसऱ्यास मिळत नाही. त्यामुळे या दोन्ही क्रिया नेहमी बरोबरच घडतात. त्यांच्या जोडीला रेडॉक्स अभिक्रिया असे म्हणतात.

तथापि एक अडचण उरली. मिठासारख्या आयनिक संयुगात इलेक्ट्रॉन कोणी दिला व कोणी घेतला हे स्पष्ट असते. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड यांच्या रेणूंत मात्र इलेक्ट्रॉन सामाईक असतात. तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हिशेबाची एक सर्वमान्य पद्धत आवश्यक झाली. १९१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी संयुगाच्या नावात धातूपुढे कंसात रोमन आकडा लिहिण्याची रीत सुचवली. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ वेंडेल लॅटिमर यांच्या १९३८ मधील ग्रंथाने ऑक्सिडीकरण अवस्था ही संज्ञा सर्वत्र परिचित केली.

अंक म्हणजे नेमके काय?

दोन भिन्न मूलद्रव्यांचे अणू बंधाने जोडलेले असतात तेव्हा सामाईक इलेक्ट्रॉनांची जोडी एका अणूकडे अधिक ओढली जाते. ओढण्याच्या या क्षमतेस विद्युतऋणता असे म्हणतात. सर्व मूलद्रव्यांत फ्लुओरीनची विद्युतऋणता सर्वाधिक असून त्याखालोखाल ऑक्सिजनचा क्रम लागतो.

आता अशी कल्पना करावी की, प्रत्येक बंधातील इलेक्ट्रॉनांची जोडी अधिक ओढणाऱ्या अणूच्या नावे पूर्णपणे जमा केली. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू जोडलेले असतील, तर जोडीची समसमान वाटणी केली. अशी वाटणी झाल्यावर प्रत्येक अणूवर जो विद्युतप्रभार उरेल, तोच त्याचा ऑक्सिडीकरण अंक होय.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन हा दोन हायड्रोजन अणूंशी जोडलेला असतो. दोन्ही बंधांतील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावे जमा केले की, त्याच्याकडे मूळच्यापेक्षा २ इलेक्ट्रॉन अधिक होतात. म्हणून त्याचा अंक −२. प्रत्येक हायड्रोजनने १ इलेक्ट्रॉन गमावला. म्हणून त्याचा अंक +१.

हा अंक मानीव असतो, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. पाण्यातील ऑक्सिजनवर प्रत्यक्षात २ इतका ऋण प्रभार नसतो. तो त्याहून बराच कमी असतो. भागीदारीच्या व्यवसायात रक्कम एकाच्या खात्यावर दाखवली, तरी तिचा विनियोग दोघेही करत असतात; तसाच हा प्रकार. खातेवहीतील नोंद आणि हातातील रोकड या भिन्न गोष्टी असल्या, तरी नोंद चोख असेल तरच व्यवहार तपासता येतो.

नियम आणि त्यांचा क्रम

प्रत्येक रेणूची रचना काढून इलेक्ट्रॉनांची वाटणी करत बसणे वेळखाऊ असते. म्हणून पुढील नियम उपयोगात आणतात.

१. मुक्त मूलद्रव्यातील अणूचा अंक ० असतो. उदाहरणार्थ, तव्यातील लोह, हवेतील ऑक्सिजन, गंधक.

२. एकाच अणूच्या आयनाचा अंक त्याच्या प्रभाराइतका असतो. सोडियम आयनाचा +१, क्लोराइड आयनाचा −१.

३. उदासीन रेणूतील सर्व अणूंच्या अंकांची बेरीज ० येते. अनेक अणूंच्या आयनात ही बेरीज त्या आयनावरील प्रभाराइतकी येते.

४. संयुगातील फ्लुओरीनचा अंक नेहमी −१ असतो.

५. संयुगात सोडियम, पोटॅशियम इत्यादी पहिल्या गणातील धातूंचा अंक +१, मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी दुसऱ्या गणातील धातूंचा +२ आणि ॲल्युमिनियमचा सामान्यतः +३ असतो.

६. संयुगातील हायड्रोजनचा अंक +१ धरावा.

७. संयुगातील ऑक्सिजनचा अंक −२ धरावा.

८. क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांचा अंक −१ धरावा. मात्र ते ऑक्सिजनशी किंवा अधिक विद्युतऋण हॅलोजनशी जोडलेले असल्यास बेरजेच्या नियमाने काढावा.

दोन नियमांत विरोध दिसल्यास यादीत जो नियम आधी आहे तो प्रमाण मानावा. या एका सूचनेमुळे अपवादांचे पाठांतर अनावश्यक ठरते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे उदाहरण पाहा. त्यात हायड्रोजनचे २ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. सहाव्या नियमाने हायड्रोजनची बेरीज +२ होते. एकूण बेरीज ० यावयाची, म्हणून दोन ऑक्सिजन अणूंच्या वाट्यास −२, अर्थात प्रत्येकी −१ येते. सातवा नियम येथे आपोआप मागे पडला. सोडियम हायड्राइडमध्ये पाचव्या नियमाने सोडियम +१, म्हणून हायड्रोजन −१. ऑक्सिजन डायफ्लुओराइडमध्ये चौथ्या नियमाने दोन फ्लुओरीन अणूंचे मिळून −२, म्हणून ऑक्सिजन चक्क +२. पाठ्यपुस्तकांत अपवाद म्हणून दिलेली ही तिन्ही उदाहरणे केवळ क्रम पाळल्याने सुटली.

काही सोडवलेली उदाहरणे

सल्फ्युरिक आम्ल : यात हायड्रोजनचे २, सल्फरचा १ व ऑक्सिजनचे ४ अणू असतात. सल्फरचा अंक क्ष मानू.
(२ × +१) + क्ष + (४ × −२) = ०
२ + क्ष − ८ = ०, म्हणून क्ष = +६.

पोटॅशियम परमँगनेट : विहिरीच्या पाण्यात किंवा भाज्या धुण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे हे जांभळे औषध. यात पोटॅशियमचा १, मँगनीजचा १ व ऑक्सिजनचे ४ अणू असतात.
१ + क्ष − ८ = ०, म्हणून मँगनीजचा अंक +७.

डायक्रोमेट आयन : यात क्रोमियमचे २ व ऑक्सिजनचे ७ अणू असून एकूण प्रभार २ ऋण असतो. येथे बेरीज ० येत नाही. ती −२ येते.
२क्ष − १४ = −२, म्हणून २क्ष = १२ आणि क्ष = +६.

ग्लुकोज : कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू.
६क्ष + १२ − १२ = ०, म्हणून कार्बनचा सरासरी अंक ०.

शेवटच्या उदाहरणाचा अर्थ थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनचा अंक +४ असतो. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने तो +४ वरून ० वर आणते, म्हणजेच कार्बनचे क्षपण करते. आपण भाकरी खातो आणि श्वास घेतो तेव्हा तोच कार्बन ० वरून पुन्हा +४ वर जातो व त्या वाटेत ऊर्जा देतो. शेत आणि शरीर यांच्यामधील देवाणघेवाण या दोन अंकांत सामावलेली आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक लेखनाची. आयनाचा प्रभार लिहिताना आधी आकडा व नंतर चिन्ह येते; ऑक्सिडीकरण अंक लिहिताना आधी चिन्ह व नंतर आकडा येतो.

दुसरी चूक म्हणजे संपूर्ण गटाचा अंक एका अणूचा समजणे. डायक्रोमेटमध्ये दोन क्रोमियम अणूंचे मिळून +१२ होतात. एका अणूचा अंक +६ आहे. अंक नेहमी एका अणूचाच सांगावयाचा असतो.

तिसरी चूक सरासरीस सत्य मानण्याची आहे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजेच विरंजक चूर्ण, हे याचे उत्तम उदाहरण. पाठ्यपुस्तकातील सूत्राप्रमाणे त्यात कॅल्शियमचा १, ऑक्सिजनचा १ व क्लोरीनचे २ अणू असतात. नियमाने हिशेब केला असता २ − २ + २क्ष = ०, म्हणून क्लोरीनचा अंक ० येतो. परंतु ही केवळ सरासरी आहे. त्यातील एक क्लोरीन साध्या मिठातल्याप्रमाणे क्लोराइड रूपात असून त्याचा अंक −१ आहे. दुसरा ऑक्सिजनशी जोडलेला असून त्याचा अंक +१ आहे. जंतूंचा नाश करण्याचे सामर्थ्य या दुसऱ्या क्लोरीनमध्ये असते. तो इतर पदार्थांकडून २ इलेक्ट्रॉन ओढून घेतो व स्वतः −१ वर येतो. पावडर उघडी व दमट जागी राहिली म्हणजे हा उपयुक्त क्लोरीन कमी होत जातो. पोते भरलेले दिसते, पण त्यातील सामर्थ्य गेलेले असते. लोहचुंबकाच्या खनिजात लोहाचा सरासरी अंक ८/३ येतो तोही याच कारणाने : तीन अणूंपैकी दोघांचा +३ व एकाचा +२. उत्तर अपूर्णांकात आले, तर बहुधा तेथे भिन्न अवस्थांतील अणू एकत्र आहेत, असे समजून रचना तपासावी.

समीकरणाचा तोल

रासायनिक समीकरण संतुलित करताना या अंकाचा उपयोग विशेष होतो. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेट आणि +२ अवस्थेतील लोह यांची अभिक्रिया होते तेव्हा मँगनीज +७ वरून +२ वर येते, म्हणजे ५ इलेक्ट्रॉन घेते. लोह +२ वरून +३ वर जाते, म्हणजे १ इलेक्ट्रॉन देते. देणे आणि घेणे समान व्हावयाचे, म्हणून एका परमँगनेट आयनास लोहाचे ५ आयन लागतात. ऑक्सिजनचा तोल साधण्यास उजवीकडे पाण्याचे ४ रेणू आणि त्यासाठी डावीकडे ८ हायड्रोजन आयन घ्यावे लागतात. आता पडताळा पाहू. डावीकडील प्रभार −१ + १० + ८ = १७; उजवीकडे मँगनीजचे २ आणि लोहाचे १५ मिळून १७. हिशेब जुळला. गोळीत खरोखर किती लोह आहे, हे प्रयोगशाळेत याच गुणोत्तराच्या आधारे मोजता येते.

विहिरीचे पाणी आणि बाळाचे रक्त

आता हा अंक जीवनाशी कसा निगडित आहे ते पाहू. युरिया व अमोनियायुक्त खतांतील नायट्रोजनचा अंक −३ असतो. जमिनीतील जीवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करून त्यास नायट्रेट रूपात आणतात. तेथे त्याचा अंक +५ होतो. पिकाने न घेतलेले नायट्रेट पाण्यात सहज विरघळते व पाझरत विहिरीपर्यंत पोहोचते. शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा विहिरीजवळ असेल, तर तेथूनही ते येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे.

शरीरात जीवाणूंच्या योगे नायट्रेटचे काहीसे क्षपण होऊन नायट्राइट तयार होते. नायट्रोजन +५ वरून +३ वर येतो. हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनवर परिणाम करते. ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी हिमोग्लोबिनमधील लोह +२ अवस्थेत असावे लागते. नायट्राइटमुळे ते +३ होते आणि ऑक्सिजन वाहण्यास असमर्थ ठरते. प्रौढांच्या रक्तपेशींतील विकर हे लोह पुन्हा +२ वर आणत राहते. सहा महिन्यांच्या आतील बाळात मात्र या विकराची क्षमता अपुरी असते. त्यामुळे बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात, आणि प्रमाण वाढल्यास जिवावर बेतते. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉक्टर हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेल्या बाळांमधील या विकाराचे कारण नायट्रेट असल्याचे दाखवून दिले. यावर मिथिलीन ब्ल्यू हे औषध देतात. त्याचे कार्य एका वाक्यात सांगता येते : लोहास +३ वरून +२ वर परत आणणे.

पालकांनी यातील दोन गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट नाहीसे होत नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. टीसीएल पावडरनेही ते जात नाही. म्हणून विहिरीच्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी, आणि पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी देऊ नये.

क्रोमियमची कथाही अशीच आहे. चामडे कमावताना सामान्यतः +३ अवस्थेतील क्रोमियमचे क्षार वापरतात, तर धातूंवर क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्यांत +६ अवस्थेतील संयुगे वापरली जातात. यांपैकी +६ अवस्थेतील क्रोमियम पेशींत सहज शिरते आणि त्याची वाफ व तुषार दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. कामगाराने पिंपावरील नुसते 'क्रोमियम' हे नाव वाचून भागत नाही. त्यापुढील आकडा वाचता आला पाहिजे. कोणत्या कामास हातमोजे पुरतील आणि कोणत्या कामास श्वसनसंरक्षक मुखवटा व हवा खेचणारे यंत्र अनिवार्य आहे, याचा निर्णय त्या आकड्यावर अवलंबून असतो.

ताटातील रसायन

पालेभाज्या व कडधान्ये यांतील लोह बहुतांशी +३ अवस्थेत असते. आतड्यातून शोषले जाण्यासाठी ते +२ अवस्थेत यावे लागते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहास इलेक्ट्रॉन देते व हे कार्य सुकर करते. जेवताना वरणावर किंवा मटकीच्या उसळीवर लिंबू पिळण्याची आपली जुनी रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने म्हणूनच योग्य आहे. फार शिजवल्याने हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावर पिळावे. याउलट, जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतल्यास चहातील टॅनिन लोहास बांधून ठेवते. त्यामुळे दोहोंत किमान तासाभराचे अंतर राखावे. वसतिगृहात राहणाऱ्या, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींच्या आहारात ही साधी दक्षता फार मोलाची ठरते.

विद्यार्थ्यांनी या घटकाचा अभ्यास करताना रोज पाच संयुगे निवडावीत. प्रथम अणूंची संख्या लिहावी, मग क्रमाने नियम लावावेत, शेवटी बेरीज पडताळून पाहावी. निवड शक्यतो परिसरातून करावी : मीठ, चुना, खाण्याचा सोडा, तुरटी, मोरचूद, खताच्या गोणीवरील नाव, औषधाच्या वेष्टनावरील नाव. पंधरा दिवसांत हा हिशेब अंगवळणी पडतो. मग गावातील पाण्याच्या तपासणीचा अहवाल समोर आला, तर त्यातील नायट्रेटचा आकडा वाचून तो घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याइतपत पात्रता आपल्या विद्यार्थ्यांत येईल. शिकलेल्या विद्येचा गावास असा प्रत्यक्ष लाभ होणे, हेच या अभ्यासाचे खरे फलित होय.